‘एल्फिन्स्टन’ आडनावाचा अर्थ, उगम आणि वंश

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली कन्या एडिनबरोला शिकते आणि तिच्या वर्गात एल्फिन्स्टन आडनावाची एक स्कॉटिश मुलगी आहे. त्या मुलीच्या घरी या आडनावाचा अर्थ ‘पऱ्यांचा दगड’ असा सांगतात आणि घराण्याचा मूळ पुरुष जर्मनीतून आला होता असे मानतात. आपण स्वतः मुंबईत वाढलेले असल्यामुळे मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन हा त्या मुलीचा पूर्वज असेल का, ही उत्सुकता आपल्याला वाटते. स्कॉटलंडमधील जुन्या नोंदी वाचून वंशावळी जुळवण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करते. आपण विचारले तसे प्रश्न माझ्याकडे नेहमी एकत्रच येतात, परंतु उत्तर देताना मी ते आधी वेगळे करते. शब्दाचा अर्थ काय, आडनाव कुठे आणि केव्हा पडले, आणि आज ते लावणारी विशिष्ट व्यक्ती कोणाच्या वंशातली, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्याचा पुरावा भाषेत असतो, दुसऱ्याचा जमिनीच्या दस्तऐवजांत आणि तिसऱ्याचा जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदींत. एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरला की चुकीची वंशावळ तयार होते, आणि ती एकदा छापली गेली की पिढ्यान्‌पिढ्या खरी मानली जाते.

सुरुवात उगमापासून करते, कारण या आडनावाच्या बाबतीत तीच सर्वांत भक्कम जागा आहे. एल्फिन्स्टन हे गावावरून पडलेले आडनाव आहे. एडिनबरोच्या पूर्वेला, ईस्ट लोदियनमध्ये ट्रॅनेंट नावाचे गाव आहे आणि त्याच्या दक्षिणेला एल्फिन्स्टन हे लहानसे खेडे आजही नांदते आहे. हा सगळा कोळशाच्या खाणींचा टापू. पंधराव्या शतकात तेथे बांधलेला दगडी गढीवजा मनोरा खाणींमुळे जमीन खचू लागल्याने विसाव्या शतकाच्या मध्यास बहुतांशी पाडावा लागला. राजा दुसरा अलेक्झांडर याच्या कारकिर्दीत, सुमारे १२३५ च्या एका दस्तऐवजात, स्विंटन घराण्यातील ॲलन याच्या संबंधात या जमिनीचे नाव येते, आणि त्यानंतर ‘जॉन दे एल्फिन्स्टन’ म्हणजे ‘एल्फिन्स्टनचा जॉन’ असा माणूस कागदपत्रांत दिसू लागतो. त्या काळी हे नुसते राहण्याचे ठिकाण सांगणे होते. पुढच्या काही पिढ्यांत मधला ‘दे’ गळून पडला आणि गावाचे नाव हेच घराण्याचे आडनाव झाले. स्कॉटलंडच्या सखल भागात बाराव्या शतकापासून जमीनदार घराण्यांची आडनावे बहुधा अशीच रूढ झाली. डोंगराळ उत्तरेत मात्र बापाच्या नावावरून मुलाला ओळखण्याची पद्धत त्यानंतरही कित्येक शतके चालू राहिली, म्हणून तेथल्या ‘मॅक’ने सुरू होणाऱ्या आडनावांचे नियम येथे लावून चालत नाही.

आता जर्मन पूर्वजाची कथा पाहू. ही कथा आपल्या कन्येच्या मैत्रिणीच्या घरी निर्माण झालेली नाही. स्कॉटिश उमराव घराण्यांच्या जुन्या ग्रंथांतही ती आढळते. रॉबर्ट ब्रूस राजाच्या काळी एक जर्मन सरदार स्कॉटलंडमध्ये आला, राजाच्या भाचीशी त्याचे लग्न झाले, त्याला लोदियनमध्ये जमीन मिळाली आणि त्याने तिला आपले नाव दिले, असा तिचा सारांश आहे. कोणी त्याचा संबंध दक्षिण जर्मनीतील हेल्फेनश्टाइन या सरदार घराण्याशीही जोडतात. ते घराणे खरोखरच होते आणि नावांत ध्वनिसाम्यही आहे, त्यामुळे कथा पटकन पटते. परंतु ब्रूस गादीवर आला १३०६ मध्ये, आणि एल्फिन्स्टन हे गाव व ते नाव लावणारी माणसे त्याआधी सुमारे सत्तर वर्षे कागदावर आहेत. ज्या गावाला नाव देण्यासाठी हा सरदार आला म्हणतात, ते गाव त्याच नावाने तो येण्यापूर्वी ओळखले जात होते. माझ्या कामात अशा कथा तपासण्याची पहिली कसोटी हीच असते की कथेतला काळ आणि नावाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख समोरासमोर ठेवायचे. दहापैकी बहुतेक कथा तेथेच कोसळतात. त्या का रचल्या गेल्या हेही समजून घ्यायला हवे. राजाशी नाते आणि परदेशी शूर पूर्वज असणे ही सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या उमराव घराण्यांची प्रतिष्ठेची गरज होती, आणि त्यांच्या पदरी असलेल्या लेखकांनी ती भागवली.

शब्दाच्या अर्थाकडे वळताना शेवटचा भाग आधी घेते, कारण घोटाळा तेथेच होतो. आजच्या वर्णलेखनात शेवटी ‘स्टोन’ दिसते, म्हणून वाचणाऱ्याला दगड आठवतो. जुन्या लेखनांत मात्र ‘एल्फिन्स्टुन’, ‘एल्फिन्स्टून’ अशी रूपे आहेत. त्यांत शेवटचा घटक ‘टुन’ आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कुंपण घातलेली शेतवाडी किंवा वस्ती असा होतो आणि इंग्रजीतील ‘टाउन’ त्यातूनच आला. त्याच्या आधीचा ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय, आपल्याकडच्या ‘चा-ची-चे’सारखा. म्हणजे ‘अमुकची वाडी’. स्कॉटलंडमध्ये हा नमुना सर्वत्र आहे. जॉन्स्टन म्हणजे जॉनची वाडी आणि लिव्हिंगस्टन म्हणजे लेव्हिंग नावाच्या माणसाची वाडी. या दोन्ही आडनावांनाही पुढे ‘स्टोन’ हे शेपूट लागले, तरी त्यांचा दगडाशी काही संबंध नाही. लोदियन हा प्रदेश सातव्या शतकापासून नॉर्थम्ब्रिया या उत्तर इंग्लंडमधील जुन्या राज्याच्या इंग्रजी भाषकांच्या ताब्यात होता आणि अकराव्या शतकाच्या आरंभी तो स्कॉटिश राजांकडे पक्का झाला, म्हणून तेथल्या खेड्यांच्या नावांत जुनी इंग्रजी सापडणे स्वाभाविक आहे.

मग हा ‘अमुक’ कोण? येथे दोन मते विचारात घेण्याजोगी आहेत. एका मताने तो ‘अल्पिन’ नावाचा माणूस. हे नाव उत्तर ब्रिटनमध्ये फार जुने आहे. ८५८ मध्ये मरण पावलेला केनेथ मॅक अल्पिन, म्हणजे अल्पिनचा मुलगा केनेथ, हा स्कॉटिश राजघराण्याचा संस्थापक मानला जातो. वेल्श भाषेत त्याच जातीचे ‘एल्फिन’ हे नाव आहे, आणि इंग्रजी येण्यापूर्वी लोदियनमध्ये वेल्शला जवळची भाषाच बोलली जात होती. दुसऱ्या मताने ते जुन्या इंग्रजीतील ‘एल्फवाइन’सारखे व्यक्तिनाम असावे. त्यात पहिला घटक ‘एल्फ’ आहे, आणि आपल्या कन्येच्या मैत्रिणीच्या घरचा अर्थ येथे अंशतः तग धरतो. मात्र जुन्या इंग्रजीत ‘एल्फ’ने सुरू होणारी नावे सर्रास ठेवली जात. आल्फ्रेड हे त्यांपैकीच एक. आल्फ्रेड नाव ठेवणारे आईबाप जसे पऱ्यांचा विचार करीत नव्हते, तसाच या वाडीच्या मालकाच्या नावाचाही पऱ्यांशी संबंध जोडता येणार नाही. माझा कल अल्पिनपेक्षा जुन्या इंग्रजी नावाकडे किंचित अधिक आहे, कारण दुसरा घटक आणि षष्ठीचा प्रत्यय दोन्ही इंग्रजी आहेत आणि त्या परिसरातल्या अशा वाड्यांना बहुधा इंग्रजी नावांच्या मालकांवरूनच नावे पडली आहेत. तथापि लेव्हिंगसारखा इंग्रजी मालक असो वा अल्पिनसारखा केल्टिक, गावाच्या नावाची घडण तीच राहते. म्हणून कोणी अर्थ विचारला तर ‘एल्फिन नावाच्या माणसाची वाडी’ एवढे उत्तर निर्धास्तपणे द्यावे.

वर्णलेखनाविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण पुष्कळ लोक एका अक्षराच्या फरकावरून ‘आमचे घराणे वेगळे’ असे ठरवतात. शेवटी ‘ई’ हे अक्षर असलेला आणि नसलेला एल्फिन्स्टन, किंवा मध्ये ‘ग’ शिरलेला एल्फिंगस्टन, यांवरून काहीही सिद्ध होत नाही. अठराव्या शतकापर्यंत कारकून ऐकू येईल तसे लिहीत असे आणि एकाच दस्तऐवजात एकाच माणसाचे आडनाव दोन तऱ्हांनी येते. याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच मुलखात आहे. १७७९ च्या जानेवारीत वडगावच्या लढाईपूर्वी कार्ल्याजवळ मारला गेलेला कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट मराठी लोकांच्या तोंडी ‘इष्टुर फाकडा’ झाला. स्ट्युअर्ट हे तर स्कॉटलंडच्या राजघराण्याचे आडनाव. ‘इष्टुर’ या रूपावरून कोणी निराळे कूळ कल्पिले तर ते जितके चुकीचे ठरेल, तितकेच हेही चुकीचे आहे.

आता सर्वांत नाजूक मुद्द्याकडे येते. एल्फिन्स्टन आडनाव लावणारे सगळे एकाच रक्ताचे असतात का? आपल्याकडच्या ‘कर’ प्रत्ययाच्या आडनावांवरून हे चटकन लक्षात येईल. एकाच गावातून बाहेर पडलेली निरनिराळ्या जातींची आणि कुळांची माणसे तेच ‘कर’ आडनाव लावतात, आणि तेवढ्यावरून आपण त्यांना भाऊबंद म्हणत नाही. स्कॉटलंडमध्ये जमीनदाराने गावाचे नाव घेतले, तसेच त्या गावातून दुसरीकडे गेलेल्या कुळवाड्याला, सुताराला किंवा खाणीत राबणाऱ्या मजुरालाही नव्या ठिकाणी ते नाव चिकटू शकत होते. एल्फिन्स्टन हे स्कॉटलंडमध्ये दुर्मीळ आडनाव असल्यामुळे अनेक शाखा शेवटी एका घराण्याकडे जाण्याची शक्यता जॉन्स्टनपेक्षा अधिक आहे, हे मी मान्य करते. परंतु शक्यता हा पुरावा नव्हे, आणि प्रत्येक शाखेसाठी तो वेगळा मिळवावा लागतो.

जमीनदार घराण्याचा स्वतःचा इतिहासही सरळ रेषेत जात नाही. १४३५ च्या सुमारास पाइपरडीनच्या लढाईत सर अलेक्झांडर एल्फिन्स्टन मारला गेला. त्याला मुलगा नव्हता. त्याची मुलगी ॲग्नेस हिच्याकडून मूळ एल्फिन्स्टनची जमीन तिच्या सासरच्या जॉन्स्टन घराण्यात गेली आणि पुरुष वारसांकडे स्टर्लिंगच्या बाजूच्या जमिनी राहिल्या. म्हणजे पंधराव्या शतकानंतर एल्फिन्स्टनमध्ये राहणारे जमीनदार जॉन्स्टन होते आणि एल्फिन्स्टन आडनावाचे जमीनदार दुसरीकडे राहत होते. पुढे सोळाव्या शतकाच्या आरंभी स्टर्लिंगजवळच्या एर्थ परिसरातील त्यांच्या जमिनींना एकत्रित जहागिरीचा दर्जा मिळाला तेव्हा त्या जहागिरीलाही ‘एल्फिन्स्टन’ हेच नाव देण्यात आले. त्यामुळे नकाशावर या नावाची दोन ठिकाणे सापडतात. पहिल्याने घराण्याला नाव दिले आणि दुसऱ्याने ते घराण्याकडून घेतले. जुन्या कागदात ‘एल्फिन्स्टन येथे’ असे वाचले की तो कागद कोणत्या परगण्यातला हे मी आधी पाहते. हा भेद न केल्यामुळे दोन निराळ्या घराण्यांची माणसे एका वंशवृक्षात गुंफलेली मी अनेकदा पाहिली आहेत.

या घराण्यातील प्रसिद्ध माणसांची नावे आपल्या उपयोगाची आहेत, कारण शाखा कशा पसरल्या ते त्यांवरून कळते. ॲबरडीनचा बिशप विल्यम एल्फिन्स्टन याने १४९५ मध्ये पोपची सनद मिळवून तेथील विद्यापीठ स्थापन केले. त्याचा बाप धर्मसेवेत होता आणि विल्यमचा जन्म विवाहाबाहेरचा होता. तरीही आडनाव बापाचेच लागले, आणि वंश शोधताना फक्त विवाहाच्या नोंदी पाहणे अपुरे का पडते ते यावरून दिसते. अलेक्झांडर एल्फिन्स्टन याला चौथ्या जेम्स राजाने १५१० मध्ये लॉर्ड केले, आणि १५१३ मध्ये इंग्रजांविरुद्धच्या फ्लॉडनच्या रणात राजाबरोबर तोही पडला. त्याच काळात ॲबरडीनशायरमधील किलड्रमीचा किल्ला या घराण्याकडे आला. युफेमिया एल्फिन्स्टन हिला पाचव्या जेम्स राजापासून झालेला मुलगा रॉबर्ट स्ट्युअर्ट हा पुढे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांचा अर्ल झाला, आणि त्या बेटांवरही एल्फिन्स्टन आडनावाची एक शाखा स्थिरावली. बाल्मेरिनोचे लॉर्ड हीसुद्धा याच घराण्याची शाखा. तिचा सहावा लॉर्ड आर्थर हा पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी झालेल्या जॅकोबाइट उठावात सामील झाल्याबद्दल १७४६ मध्ये लंडनला शिरच्छेदाने मारला गेला.

ढालचिन्हाविषयी आपण विचारलेले नाही, परंतु आपली कन्या तिच्या मैत्रिणीला भेट द्यायची म्हणून एडिनबरोच्या एखाद्या दुकानातून ते विकत घेईल असे वाटते, म्हणून लिहिते. एल्फिन्स्टनांच्या ढालीवर तीन रानडुकरांची मस्तके आहेत. स्विंटन घराण्याच्या ढालीवरही तशीच तीन आहेत. तेराव्या शतकातला तो दस्तऐवज आणि हे साम्य एकत्र पाहिले की दोन घराण्यांचा जुना संबंध होता असे मानायला बळ येते. तो रक्ताचाच असेल असे मात्र नाही, कारण वरिष्ठ जमीनदाराच्या चिन्हावरून कनिष्ठाने चिन्ह घेण्याची चालही होती. शिवाय स्कॉटलंडच्या कायद्यात ढालचिन्ह आडनावाचे नसते, ते एका व्यक्तीचे असते. ढालचिन्हांचे अधिकारी असलेल्या लॉर्ड लायन यांचे न्यायालय त्याची नोंद ठेवते आणि १६७२ च्या कायद्याने त्या नोंदवहीला आधार दिला आहे. ‘एल्फिन्स्टन कुटुंबाचे ढालचिन्ह’ म्हणून विकली जाणारी वस्तू शोभेची म्हणून जरूर घ्यावी, वंशाचा पुरावा म्हणून जपून ठेवू नये.

आता मुंबईच्या गव्हर्नरांविषयी. अनेकवचन मुद्दाम वापरले आहे, कारण ते दोन होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा, जन्म १७७९. पुण्याच्या दरबारातला रेसिडेंट, खडकीच्या लढाईच्या वेळचा, आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर तो हाच. तो निघाला तेव्हा त्याच्या स्मरणार्थ शिक्षणासाठी निधी जमवला गेला आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे मूळ त्या निधीत आहे. दुसरा त्याचा पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० या काळातला गव्हर्नर. आज हॉर्निमन सर्कल म्हणून ओळखला जाणारा एल्फिन्स्टन सर्कल आणि २०१८ मध्ये प्रभादेवी हे नाव मिळालेले एल्फिन्स्टन रोड स्थानक यांची जुनी नावे या पुतण्यावरून होती. लोदियनमधल्या एका वाडीच्या मालकाचे नाव गावाला, गावाचे घराण्याला आणि घराण्यातल्या एकाचे मुंबईच्या रेल्वे स्थानकाला, असा या नावाचा प्रवास झाला.

आपल्या मूळ शंकेचे उत्तर यातच आहे. काका आणि पुतण्या दोघेही अविवाहित वारले. काकांचा मृत्यू १८५९ मध्ये झाला, पुतण्याचा १८६० मध्ये, आणि लॉर्ड ही पदवी चुलत भावाकडे गेली. म्हणून आपल्या कन्येची मैत्रीण मुंबईच्या कोणत्याही एल्फिन्स्टन गव्हर्नरची थेट वंशज असल्याचे विवाहाच्या नोंदींवरून दाखवता येणार नाही. फार तर ती त्यांच्या चुलत घराण्यातली असू शकेल. उलट बाजूही लक्षात ठेवावी. माउंटस्टुअर्टचा सख्खा भाऊ चार्ल्स याने आजीकडून आलेल्या मालमत्तेसाठी ‘फ्लीमिंग’ हे आडनाव स्वीकारले. म्हणजे गव्हर्नरांच्या रक्ताच्या सर्वांत जवळची माणसे वेगळ्या आडनावाखाली सापडतात, आणि एल्फिन्स्टन आडनाव लावणारा माणूस त्यांचा कोणीही नसू शकतो.

त्या मुलीला खरोखर शोध घ्यायचा असेल तर तिने लॉर्डांपासून खाली येऊ नये, स्वतःपासून वर जावे. स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह आणि मृत्यूची नोंदणी सक्तीची झाली आणि या नोंदी इंग्लंडच्या नोंदींपेक्षा अधिक बोलक्या आहेत. तेथील मृत्यूच्या दाखल्यात मृताच्या आई आणि बाप दोघांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, दिलेली असतात, त्यामुळे एका दाखल्यावरून मागची पूर्ण पिढी कळते. १८५५ पूर्वीसाठी चर्चच्या पॅरिशवार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीनुसार ठेवलेल्या, नोंदवह्या आहेत. त्यांतल्या सर्वांत जुन्या १५५३ पासूनच्या आहेत, पण पुष्कळ पॅरिशांच्या फार उशिरा सुरू होतात आणि मधली वर्षे गायब असतात. घराण्याकडे जमीन असेल तर १६१७ पासूनची जमीन हस्तांतराची सरकारी नोंदवही ती पोकळी भरून काढते, नसेल तर शोध बहुधा अठराव्या शतकात थांबतो. डीएनए चाचणीचा विचार असेल तर पुरुषपरंपरेचे गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जाते, म्हणून तिच्या वडिलांची किंवा भावाची चाचणी करावी लागेल. आणि ज्याची वंशावळ कागदांवरून सिद्ध झालेली आहे अशा दुसऱ्या एल्फिन्स्टनच्या चाचणीशी ती ताडून पाहता आली तरच तिला अर्थ राहील.

आपल्या कन्येने मैत्रिणीकडून एवढेच विचारून घ्यावे की तिचे आजोबा किंवा पणजोबा एल्फिन्स्टन कोणत्या पॅरिशमध्ये आणि साधारण कोणत्या वर्षी जन्मले. ते गाव ऑर्कनीतले निघाले तर आधी सँडे बेटाच्या नोंदी पाहाव्यात, कारण तेथल्या एल्फिन्स्टनांची शाखा स्पष्टपणे वेगळी काढता येते. ॲबरडीनशायरमधले निघाले तर लोगी येथील एल्फिन्स्टनांची कागदपत्रे हाताशी घ्यावीत. आणि ट्रॅनेंटच्या आसपासचे निघाले तर पंधराव्या शतकानंतर तेथे जमीनदार जॉन्स्टन होते हे ध्यानात ठेवून खाणकामगारांच्या कुटुंबांकडे, म्हणजे १८४१ पासूनच्या खानेसुमारीच्या याद्यांकडे, पहिल्यांदा वळावे.